गाडीलाही व्हिसा लागतो!

परदेशात नोकरी मिळाली, व्हिसा हातात आला, बॅगा भरायला घेतल्या. पण पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या त्या लाडक्या गाडीचं काय? सोबत न्यायची, विकायची की ठेवून जायची? भावनेच्या भरात ठरवण्याआधी हे वाचा.

ऑफर लेटर येतं, व्हिसाची मुलाखत पार पडते, पासपोर्टवर शिक्का बसतो आणि मग घरात एकच विषय उरतो. काय काय न्यायचं? कुकर इथून न्यायचा की तिथे घ्यायचा? भाजणी चेक-इन बॅगेत चालते का? गोडा मसाला किती द्यायचा? सगळी गणितं २३ किलोच्या बॅगेत बसवायची असतात. या सगळ्या गडबडीत एक गोष्ट खाली पार्किंगमध्ये गपचूप उभी असते. गाडी!

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला बाबांच्या मागे लागून लागून घेतलेली बाइक. किंवा कॅम्पस प्लेसमेंटनंतर ईएमआयवर उचललेली पहिली कार. ताम्हिणीचा पाऊस, लोणावळ्याचा चहा, ‘चल ना’ म्हटल्यावर रातोरात मारलेली गोवा ट्रिप, सगळं तिच्यावर बसूनच झालेलं. मग एका रात्री डोक्यात किडा वळवळतो, ‘हिला पण नेता येईल का रे?’

प्रश्न येडपटासारखा अजिबात नाही. दरवर्षी जगभरात कितीतरी माणसं आपल्या गाड्या जहाजावर चढवून दुसऱ्या देशात राहायला जातात. कायदा सरसकट ‘नाही’ म्हणत नाही. पण भारतातून नोकरीच्या व्हिसावर निघालेल्या तेविशी-चोविशीतल्या मुलामुलींसाठी बहुतेक वेळा उत्तर एकच येतं: नेता येईलही, पण परवडणार नाही. पैशाचा भाग आहेच, पण त्याहून मोठं कारण नियमांमध्ये आहे. ते नियम नीट वाचले की वर्क व्हिसा म्हणजे नेमकं काय, हेही चांगलं समजतं.

पुण्यातून बेंगळुरूला नेतानाच घाम फुटतो

आधी घरचंच उदाहरण घेऊ. एमएच-१२ पासिंगची गाडी घेऊन तुम्ही बेंगळुरूला नोकरीला गेलात. मोटार वाहन कायदा सांगतो, की गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवणार असाल तर तिथला नवा नंबर घ्या. म्हणजे पुण्याच्या आरटीओची एनओसी आणा, कर्नाटकचा रोड टॅक्स भरा, इकडे भरलेल्या टॅक्सचा परतावा मिळावा म्हणून वेगळा अर्ज करा. हा ताप इतका वाढला, की बदलीच्या नोकऱ्या करणाऱ्यांसाठी केंद्र सरकारनं २०२१ मध्ये ‘बीएच’ सीरिज सुरू केली.

देश एक, कायदा एक, तरी ही गत. आता मध्ये समुद्र आला, कस्टम्स आलं, वेगळे सुरक्षा नियम आले, प्रदूषणाचे वेगळे निकष आले. म्हणजे लोच्या किती वाढणार, त्याचा अंदाज करा.

गाडीचा जन्मदाखला

आपल्याला वाटतं, गाडी म्हणजे गाडी. चार चाकं, एक इंजिन, इथे चालते तर तिथेही चालेल. पण गाडी रस्त्यावर येते ती कुठल्यातरी एका देशाच्या नियमांवर पास होऊन. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-६ निकष लागू आहेत. अमेरिकेत सुरक्षेचे निकष एनएचटीएसए ही संस्था ठरवते आणि धुराचे ईपीए. त्या निकषांप्रमाणे बनवलेल्या गाडीवर कंपनीनं तसं लेबल लावलेलं असतं. ते लेबल म्हणजे गाडीचा जन्मदाखला. भारतात विकण्यासाठी बनवलेल्या गाडीवर ते नसतं.

‘पण माझ्या बाइकचं मॉडेल तर तिकडेही विकतात!’ हा युक्तिवाद हमखास होतो. उदाहरणार्थ, केटीएमची ३९० ड्यूक. ती आपल्या चाकणला बनते आणि इथून युरोप-अमेरिकेतही जाते. पण निर्यातीसाठी बनलेली ड्यूक आणि तुमच्या पार्किंगमधली ड्यूक या सख्ख्या बहिणी असल्या, तरी त्यांचे कागद वेगळे. भारतातल्या बाइकला साडी गार्ड बंधनकारक. अमेरिकेतल्या बाइकला दोन्ही बाजूंनी ठरावीक रंगांचे रिफ्लेक्टर बंधनकारक. धुराची तपासणी वेगळी, लेबल वेगळं. अमेरिकेचा कस्टम्स अधिकारी तुमची बाइक कुठल्या कारखान्यातून आली हे बघत बसत नाही. तो लेबल बघतो.

लेबल नसेल तर? तर ती गाडी कायमची आणण्यासाठी सरकारमान्य ‘रजिस्टर्ड इंपोर्टर’ गाठावा लागतो. ते मॉडेल बदल करून नियमांत बसवता येईल, असं एनएचटीएसएनं आधी मान्य केलेलं असावं लागतं आणि मग सगळे बदल तुमच्या खर्चानं होतात. हा कडकपणा उगाच आलेला नाही. १९८० च्या दशकात डॉलर वधारला होता. तेव्हा अमेरिकेतले लोक डीलरला बाजूला ठेवून थेट जर्मनीतून मर्सिडीज, बीएमडब्ल्यू मागवायला लागले होते, कारण त्या स्वस्त पडायच्या. १९८८ मध्ये अमेरिकेनं कायदा करून ती वाट जवळपास बंद केली. त्या श्रीमंतांच्या हौसेसाठी बनलेला नियम आज तुमच्या दोन लाखांच्या बाइकलाही लागू होतो.

तुम्ही पाहुणे, गाडीही पाहुणी

आता मुख्य मुद्दा. वर्क व्हिसा म्हणजे त्या देशात कायमचं राहण्याचा हक्क नव्हे. ठरावीक मुदतीसाठी, ठरावीक कामासाठी दिलेली ती परवानगी असते. मग तुमच्यासोबत आलेल्या गाडीला तुमच्यापेक्षा जास्त हक्क कसे मिळणार?

अमेरिकेचंच बघा. तिथे निवासी नसलेल्या माणसाला नियमांत न बसणारी गाडीही स्वतःच्या वापरासाठी नेता येते. एचएस-७ नावाचा फॉर्म भरून ते जाहीर करावं लागतं. पण मुदत फक्त एक वर्ष. वर्ष संपायच्या आत गाडी देशाबाहेर गेलीच पाहिजे. मुदतवाढ नाही आणि तिथे विकायलाही परवानगी नाही. एच-१बी व्हिसा पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत मिळतो. म्हणजे तुम्हाला तीन वर्षं आणि गाडीला एक. दुसऱ्या वर्षी तुम्ही ऑफिसला आणि ती परतीच्या जहाजावर!

हा एका वर्षाचा आकडा आला कुठून? रस्ते वाहतुकीबाबत १९४९ मध्ये जिनिव्हात आंतरराष्ट्रीय करार झाला. एका देशात नोंदवलेली गाडी पर्यटक म्हणून दुसऱ्या देशात न्यायची मुभा त्यात आहे. भारतीय गाडीच्या मागे ‘आयएनडी’ असा लंबगोल स्टिकर लावायचा, तो याच व्यवस्थेतला. पण गाडी सलग वर्षापेक्षा जास्त राहिली की ती सवलत संपते. पाहुणा वर्षभर राहिला की तो पाहुणा उरत नाही, असा साधा हिशेब.

कॅनडा जरा मोकळा आहे. तिथे वर्क परमिटवर आलेल्या माणसाला ठरावीक मुदतीसाठी गाडी तात्पुरती आणता येते. पण ती तिथे कुणाला विकायची नाही, द्यायची नाही, आणि जाताना परत न्यायची. चाकांना, तळाला माती लागलेली असली तरी गाडी अडवली जाते, कारण मातीतून कीड आणि बिया येतात. ऑस्ट्रेलियात तर गाडी जहाजावर चढवण्याआधीच आयातीची मंजुरी हातात असावी लागते. ‘माझी स्वतःची गाडी’ म्हणून कायमची आणायची तर ती परदेशात किमान १२ महिने सलग तुमच्या मालकीची आणि वापरात असावी लागते. शिवाय तुमचा तिथे कायमचं राहण्याचा मार्गही लागतो. नुसत्या तात्पुरत्या वर्क व्हिसावर ते जमत नाही.

आणि आता जरा कडू बाजू. एच-१बीवर असताना नोकरी गेली, तर नवी नोकरी शोधायला किंवा देश सोडायला साधारण ६० दिवस मिळतात. २०२२ च्या अखेरीस अमेरिकेतल्या टेक कंपन्यांनी धडाधड माणसं कमी केली, तेव्हा अनेक भारतीय कुटुंबांनी हे ६० दिवस मोजून काढले. घर, मुलांची शाळा, बँकेची खाती, सगळं आवरायचं. त्यात एक टन वजनाची, तिथे विकता न येणारी गाडी हातात असेल तर? ती सोडून देता येत नाही आणि नेण्याइतका वेळ नाही. व्हिसा तात्पुरता असताना सामान हलकं ठेवावं म्हणतात, ते याचसाठी.

जुनं ते सोनं, पण वय मोजून

गंमत पुढेच आहे. अमेरिकेत २५ वर्षं किंवा त्याहून जुन्या गाडीला ते सगळे सुरक्षा निकष लागत नाहीत. धुराच्या बाबतीत मूळ स्थितीतली गाडी २१ वर्षांची झाली की ईपीएची सूट मिळते. म्हणजे तुमच्या गेल्या वर्षी घेतलेल्या चकाचक बाइकला अमेरिकेचं दार बंद, पण आजोबांच्या १९८० च्या दशकातल्या, आकुर्डीत बनलेल्या बजाज चेतकला ते उघडं! फक्त नंबर देणं हे राज्याच्या हातात असतं आणि कॅलिफोर्नियासारख्या राज्याचे प्रदूषणाचे नियम इतरांपेक्षा कडक आहेत. तेवढं आधी बघायचं.

कॅनडात हीच वयाची अट १५ वर्षांची आहे. ब्रिटनमध्ये गाडी १० वर्षांपेक्षा जुनी असेल तर वाहन-मान्यतेच्या चाचणीतून सूट मिळते. सौदी अरेबियात नेमकं उलटं. तिथे ५ वर्षांपेक्षा जुनी कार आणताच येत नाही. सिंगापूरला वापरलेली गाडी नेायची तर ती ३ वर्षांपेक्षा कमी वयाची हवी. त्यावर पुन्हा गाडी ठेवण्याचा १० वर्षांचा परवाना लिलावात बोली लावून घ्यायचा. २०२३ मध्ये लहान गाड्यांच्या गटातही या परवान्याची बोली एक लाख सिंगापूर डॉलरच्या वर गेली होती. कारचे पैसे वेगळे! तिथली मेट्रो लोकांना इतकी प्रिय का, ते यावरून कळावं.

करमाफी आहे, पण अटी लागू

ब्रिटन आणि युरोपीय संघातल्या देशांमध्ये एक चांगली सोय आहे. तुम्ही राहण्याचं ठिकाणच बदलून तिकडे जात असाल, तर घरच्या सामानासोबत गाडीवरचं आयात शुल्क आणि व्हॅट माफ होऊ शकतं. अटी दोन्हीकडे साधारण सारख्याच आहेत. आधी किमान १२ महिने तुम्ही त्या देशाबाहेर राहत असायला हवं. गाडी किमान ६ महिने तुमच्या मालकीची आणि वापरातली हवी. आणि तिकडे गेल्यावर १२ महिने ती विकायची नाही, भाड्यानं द्यायची नाही.

यातली सहा महिन्यांची अट लक्षात ठेवा. ‘इथे गाड्या स्वस्त आहेत, निघायच्या आधी नवीकोरी घेतो आणि नेतो,’ असा प्लॅन करणारे इथेच अडकतात. गाडी नवी म्हणजे सूट नाही. सूट नाही म्हणजे ब्रिटनमध्ये कारवर सर्वसाधारण दरानं १० टक्के आयात शुल्क आणि वर २० टक्के व्हॅट. जहाजाचं भाडं धरून गाडीची किंमत १०,००० पौंड ठरली, असं समजा. शुल्क झालं १,००० पौंड. व्हॅट मात्र १०,००० वर नाही, तर ११,००० वर बसतो, म्हणजे २,२०० पौंड. एकूण ३,२०० पौंड फक्त सरकारला. जर्मनीत गणित असंच, फक्त व्हॅट १९ टक्के.

कर माफ झाला तरी गाडी लगेच रस्त्यावर येत नाही. ब्रिटनमध्ये गाडी आल्यापासून १४ दिवसांत कर विभागाला कळवावं लागतं, मग वाहन-मान्यता, मग नोंदणी, मग विमा. जर्मनीत युरोपीय मान्यतेचा कागद नसलेल्या गाडीची टीयूव्हीसारख्या संस्थेकडून एकेक भाग तपासून स्वतंत्र चाचणी होते. जर्मन लोक नियमांबाबत कसे असतात, हे वेगळं सांगायला नको.

स्टेअरिंग कुठल्या बाजूला?

आपण रस्त्याच्या डावीकडून चालतो आणि आपलं स्टेअरिंग उजवीकडे. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिंगापूर, जपान हे आपल्या पंगतीतले. अमेरिका, कॅनडा, जर्मनी आणि आखाती देश उलट्या पंगतीतले. दुबई, दोहा, रियाध इथे मराठी मुलं मोठ्या संख्येनं जातात, पण उजव्या स्टेअरिंगची कार तिथे नोंदवून रोज चालवायचा विचार सोडून द्यायचा.

जिथे कायदा चालवून घेतो तिथेही त्रास आहेच. उजव्या स्टेअरिंगची कार घेऊन उजवीकडून चालताना ओव्हरटेक कसा करणार? समोरून काय येतंय ते शेजारच्या सीटवरच्या माणसाला विचारून! हेडलाइटचाही प्रश्न येतो. आपल्या गाड्यांचा डिपर डावीकडच्या कडेवर जास्त उजेड टाकतो. तीच गाडी उजवीकडून चालवली की तो झोत थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून दिवे बदलावे लागतात. बाइकचं हँडल मधोमध असतं म्हणून ती यातून सुटली असं वाटतं, पण हेडलाइटचा हिशेब तिलाही लागू होतो.

‘कार्नेट काढू, टेन्शन नाही’

या टप्प्यावर कुणीतरी मित्र किंवा एजंट हा सल्ला देतोच. कार्नेट द पॅसाज हा गाडीचा पासपोर्ट समजा. मुंबई ते लंडन बाइकनं जाणारे रायडर्स तो काढतात. आपल्याकडे मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनसारख्या संस्था तो देतात. त्यासाठी गाडीच्या किमतीच्या प्रमाणात मोठी बँक गॅरंटी ठेवावी लागते. कागद साधारण वर्षभर चालतो.

पण कार्नेट हा प्रवाशांसाठी आहे, राहायला जाणाऱ्यांसाठी नाही. ‘गाडी जशी आणली तशी परत नेईन’ असं ते वचन असतं. ते पाळलं नाही, तर त्या देशाचं कस्टम्स पूर्ण शुल्क मागतं आणि तुमची गॅरंटी जाते. ‘तिकडे गेल्यावर विकून टाका, कोण बघतंय’ असं कुणी सांगितलं तर तिथून उठून या. व्हिसावर असलेल्या माणसानं परक्या देशाच्या कस्टम्सशी खोटं बोलणं म्हणजे नुसता दंड नाही. पुढच्या प्रत्येक व्हिसाच्या अर्जात ते आडवं येऊ शकतं.

आणि परत येताना?

‘बरं, तिकडे घेतलेली मस्टँग परत येताना आणू,’ असं स्वप्न असेल तर तेही तपासून घ्या. भारतात वापरलेली कार आणायची तर ती ३ वर्षांपेक्षा जुनी नको, स्टेअरिंग उजवीकडे हवं, स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये हवा आणि दिवे डावीकडच्या वाहतुकीला जुळणारे हवेत. आणायची तीही फक्त मुंबई बंदरातून. अमेरिकेतली मस्टँग तर स्टेअरिंगवरच नापास. आणि सगळं जुळलंच, तर सगळे कर मिळून गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होतात. म्हणजे आपलं सरकारही या बाबतीत कुणाला कमी नाही.

मग विकायची की ठेवायची?

जहाजाचा विषय संपला, तर आता खरा निर्णय. इथे बहुतेक मुलं घाई करतात. निघायला आठ दिवस उरलेले असतात. कुणीतरी ओळखीचा रोख पैसे देतो, चावी घेतो, ‘नावावर करून घेतो नंतर’ म्हणतो आणि तुम्ही विमानात बसता.

हीच सगळ्यात महाग पडू शकणारी चूक. गाडी विकल्याचं आरटीओला १४ दिवसांत कळवणं ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे आणि ३० दिवसांत नावावर करून घेणं ही घेणाऱ्याची. तोवर कागदावर मालक तुम्हीच. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं, की अपघाताच्या वेळी आरसीवर ज्याचं नाव, तोच भरपाईच्या बाबतीत मालक. गाडी मधल्या काळात कितीही हातांतून गेलेली असो. तुम्ही म्युनिकमध्ये, गाडी माणगावच्या घाटात आणि कोर्टाची नोटीस आईबाबांच्या दारात! त्यांनी काय करायचं? म्हणून फॉर्म २९ आणि फॉर्म ३० भरून, सही-शिक्क्यासह ट्रान्सफर पूर्ण झालेलं बघूनच निघा. घाई असेल तर गाडी महिनाभर आधी विका आणि उरलेले दिवस मित्राच्या मागे बसून फिरा.

ठेवायची असेल तर कुणासाठी, ते आधी ठरवा. घरात भाऊ-बहीण किंवा आईबाबा वापरणार असतील तर ती त्यांच्या नावावर करून टाकणं सोयीचं. नूतनीकरण, विमा, चलन कशालाच मग तुमची सही लागत नाही. कुणीच वापरणार नसेल, तर दोन-तीन वर्षं उभी गाडी म्हणजे उतरणारी बॅटरी, कडक झालेले टायर आणि पेट्रोलच्या टाकीला धरलेला गंज. ‘मी परत आल्यावर चालवीन’ हे वाक्य मनापासूनचं असतं, पण गाडीला ते कळत नाही.

आणि एक गोष्ट मात्र तुम्ही खरंच सोबत नेऊ शकता. चालक म्हणून तुमचा आजवरचा रेकॉर्ड. विमा कंपनीकडून ‘इतक्या वर्षांत एकही क्लेम नाही’ असं इंग्रजीत पत्र घ्या. परदेशात तुम्ही विमा कंपनीसाठी एकदम नवखे चालक असता आणि नवख्याचा हप्ता जबर असतो. काही कंपन्या असं पत्र विचारात घेतात, विचारायला काय जातं? भारतात साठलेला नो क्लेम बोनसही राखून ठेवता येतो. तीन वर्षांच्या आत परत येऊन इथे गाडी घेतलीत, तर तो वापरता येतो.

लायसन्सचंही तसंच. भारतीय लायसन्सवर ब्रिटनमध्ये १२ महिने चालवता येतं, जर्मनीत राहायला गेल्यापासून ६ महिने. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. दुबईत राहणाऱ्या भारतीयाला तिथलं लायसन्स घ्यावंच लागतं. तिकडे जाऊन महिनाभरानं हे कळण्यापेक्षा इथेच शोधून ठेवा.

निघण्याआधी हे आवरा

- जिथे जाताय त्या देशाच्या कस्टम्सच्या आणि वाहन विभागाच्या अधिकृत वेबसाइटवर आजचे नियम आणि दर स्वतः वाचा. अमेरिकेत २०२५ पासून गाड्यांवर वाढीव टॅरिफ लागलं आहे. दर असे मध्येच बदलतात.
- कंपनीच्या रिलोकेशन पॅकेजमध्ये गाडीचा खर्च धरलाय का, ते एचआरला लेखी विचारा. ‘घरगुती सामान’ यात गाडी येते असं गृहीत धरू नका.
- गाडीवर कर्ज असेल तर आधी ते फेडा, बँकेची एनओसी घ्या आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरचं बँकेचं नाव काढा. त्याशिवाय गाडी नीट विकताही येत नाही आणि नेताही येत नाही.
- थकलेली ई-चलनं भरून टाका.
- फास्टॅग बंद करा आणि अनामत परत घ्या. नाहीतर नवा मालक टोल ओलांडेल आणि मेसेज तुम्हाला येत राहतील.
- आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आरटीओतून काढून घ्या. तो जास्तीत जास्त एक वर्ष चालतो आणि मूळ लायसन्स सोबत असेल तरच उपयोगी पडतो. मूळ लायसन्सची मुदतही बघा.
- भारतातली विमा पॉलिसी परदेशात चालत नाही. जादा हप्ता भरून ती नेपाळ, भूतान, श्रीलंका अशा शेजारच्या देशांपर्यंत वाढवता येते, त्यापुढे नाही.
- गाडी घरीच ठेवणार असाल तर बॅटरीची वायर काढून ठेवा, टाकी भरून ठेवा, बाइक मेन स्टँडवर लावा. चावी कुठे आहे ते घरातल्या दोघांना तरी माहीत असू द्या.